वाघ कधी पाहावा, समुद्र कधी



संक्रांत झाली. हरभरा घाट्यावर आहे, पऱ्हाटीची तिसरी वेचणी सुरू आहे आणि तूर वाळून राहिली आहे. खरं तर घाटेअळीबद्दल नोंद टाकायची होती, ती पुढच्या वेळी टाकतो. या वेळी विषय फिरायला जायचा आहे. हसू नका. शेतकऱ्याच्या पानावर हे काय, असं कोणाला वाटेल, पण यात शेतीच आहे, वाचा मग कळेल.

आमचं गाव चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या बफरमध्ये. कोलारा गेट फार लांब नाही. त्यामुळे सोयाबीनचा भाव विचारणारे लोक शेवटी हळूच विचारतात, "भाऊ, ताडोबाला कधी येऊ? वाघ कधी दिसते?" मी काही गाईड नाही. गावातले चार-पाच पोट्टे गाईड आहेत, दोघं जिप्सी चालवतात, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पण तीस-पस्तीस वर्षं रात्री वावरात जागल केली आहे, म्हणून जंगलाचे महिने मला माझ्या परीने माहीत आहेत.

पहिली गोष्ट पाण्याची. वाघ दिसणं न दिसणं हे नशिबापेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून आहे. ऑक्टोबरात जंगल उघडते तेव्हा प्रत्येक नाल्यात, खड्ड्यात पाणी असते. वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यायची गरजच नाही. गवत माणसाच्या छातीपर्यंत, बांबू हिरवागार. वाघ दहा हातांवर बसला असला तरी जिप्सीतून दिसणार नाही. ऑक्टोबरात येऊन "काहीच दिसलं नाही" म्हणून नाराज होऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना जंगल दिसलं होतं, पण ते त्यांच्या हिशोबात नव्हतं.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेची फेरी म्हणजे थंडीची परीक्षा. उघडी जिप्सी, अंगावर वारा, कानटोपी, हातमोजे नसतील तर दात वाजतात. पण सकाळच्या कोवळ्या उन्हात जंगल सुंदर दिसते आणि तलावावर बाहेरची बदकं आलेली असतात. ज्याला पाखरं पाहायची आहेत, लहान लेकरं किंवा म्हातारी माणसं सोबत आहेत आणि वाघाचा हट्ट नाही, त्यानं याच दिवसात दुपारची फेरी घ्यावी. पौष महिना ताडोबाचा महिना आहे, हेही सांगून ठेवतो. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, अशी इथली मान्यता. त्याच्याच नावावरून ताडोबा. पौषात आदिवासी लोक दर्शनाला येतात. १९५५ साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य, मग १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. देव त्याच्या कितीतरी आधीचा.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. सागाची पानं गळतात, आतलं जंगल मोकळं होते, पळस फुलतो, कुसुमाला तांबडी पालवी येते. ऊन असते पण सोसवते. नाले आटतात, पाणवठे थोडे उरतात, म्हणून जनावर एका जागी यायला लागते. वाघही दिसतो आणि माणूसही करपत नाही.

एप्रिल-मे मध्ये वाघ हमखास, असं सगळे सांगतात आणि ते बरेचसं खरं आहे. वाघाला उकाडा सहन होत नाही. भर उन्हात तो पाण्यात मागच्या बाजूनं बसतो, फक्त डोकं वर ठेवून. आता ठिकठिकाणी सौर पंपानं पाणवठे भरतात, तिथं तो तासन् तास पडून राहते. पण चंद्रपूर जिल्ह्याचा मे म्हणजे पारा ४६-४७ पर्यंत जाणारा. दुपारच्या फेरीत जिप्सीचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून जनावरं पाहायचा कार्यक्रम वनविभाग ठेवते, तोही याच दिवसात. तरुण असाल, पाणी भरपूर पीत असाल तर या. लहान पोरं आणू नका.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद राहते. बफरची काही गेटं पाऊस पाहून चालू असतात. त्या दिवसात आमच्याकडे रोवणे असतात, आमच्याकडे पाहायला आलं तरी बोलायला माणूस भेटणार नाही. पावसाळ्यातच फिरायचं असेल तर मेळघाटात चिखलदऱ्याला जा, धुकं आणि धबधबे पाहा, वाघाचं नाव काढू नका. आणि मंगळवारी कोअरची सफारी बंद असते. दरवर्षी कोणीतरी मंगळवारीच येऊन गेटवर उभं राहते.

मागे एक पुण्याचे डॉक्टर गावात थांबले होते. ते केनियाला जाऊन आलेले. ते म्हणाले, तिकडे मासाई मारात जुलै ते ऑक्टोबर चांगलं, कारण तेव्हा तिकडे कोरडे दिवस. आपल्याकडे जंगल बंद असते तेव्हा तिकडे लाखो जनावरं टांझानियाकडून नदी ओलांडून येतात. आणि सफारी झाली की लोक तिथून समुद्रावर जातात. म्हणजे सूत्र तेच, पाणी आटलं की जनावर दिसते. फक्त महिने उलटे.

आता जे गाईड सांगणार नाही ते सांगतो.

पर्यटकाला वाघ दिसायचे जे महिने, तेच आमच्या बायामाणसांचे जंगलात जायचे महिने. मार्चच्या मध्यापासून मोहफूल पडायला लागते. पहाटे अंधारात जाऊन, वाकून, एक एक फूल वेचावं लागते. उन्हं वर आली की फूल सुकते, जनावरंही खातात, म्हणून पहाटच. वाकलेला माणूस वाघाला चार पायाच्या जनावरासारखा दिसतो. एप्रिलच्या शेवटी आणि मे मध्ये तेंदूपत्ता. तोही सकाळीच तोडायचा, तोही झुडपात शिरून. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच दिवसात गेटावर जिप्सींची रांग होती. मी कोणाला दोष देत नाही. सफारीनं आमच्या गावातल्या पोट्ट्यांच्या हाताला काम दिलं, माझा पुतण्याच त्यावर संसार चालवते. पण तुम्ही ज्याला पाहायला पैसे भरता, त्याची गाठ पडू नये म्हणून आमच्या घरची बाई उंबऱ्यावर हात जोडून निघते, एवढं ध्यानात असू द्या. मे मध्ये याल तेव्हा रस्त्यानं पत्त्याचे गठ्ठे घेऊन चाललेल्या बाया दिसतील. गाडी हळू घ्या, धूळ उडवू नका.

हिवाळ्यात उलट होते. जंगलात गवत असते, पण आमची पऱ्हाटी आणि तूरही डोक्याएवढी असते. रानडुकरं हरभऱ्यावर येतात, रोही येतात, आणि त्यांच्या मागे तो येतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी घर सोडता येत नाही. झटका मशीन लावली आहे, तरी मचाणावर माणूस लागतोच. झटक्याच्या नावाखाली सरळ मेन लाइनची वीज तारेत सोडणारे महाभाग आहेत, त्यात डुक्कर मरते, वाघ मरते आणि कधी शेजारचा माणूसही. तसं कोणी करत असेल तर त्याला चार लोकांत बोला.

एवढं ताडोबाचं. आता समुद्राचं, म्हणजे माझ्या घरचं.

माझी माय ७६ वर्षांची आहे. पंढरपूर झालं, शेगाव झालं, वैनगंगेचा पूर तिनं पाहिला आहे. समुद्र पाहिला नाही. तशी ती काही मागणारी बाई नाही. दोन वर्षांआधी टीव्हीवर नारळी पौर्णिमेचं दाखवत होते, तेव्हा म्हणाली, "एवढं पाणी अन् कोणाच्याच वावराच्या कामाचं नाही काय जी?" मी म्हटलं, खारं असते. मग म्हणाली, "चाखून पाहिलं पाहिजे एकदा." तेवढंच. पण घरचीनं ते धरून ठेवलं. गेल्या पावसाळ्यात मायला दम लागून दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून घरची रोज विचारते, "बुढीला कधी नेता?"

आमच्यासारख्याला मोकळे महिने कोणते? लोक सांगतात समुद्राला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, हवा थंड, पाणी शांत, नितळ. मालवण-तारकर्लीला पाण्याखालचं दिसते ते त्याच दिवसात. बरोबर आहे, पण वर सांगितलं तसं तेव्हा मी मचाणावर. शिवाय नाताळच्या सुट्टीत खोल्यांचे भाव बीटी बियाण्यासारखे होतात, काळ्या बाजारात.

उन्हाळ्यात, मे मध्ये, वावर मोकळं असते. पण कोकणातला मे म्हणजे घामाच्या धारा. आमची गरमी भट्टीची, तिकडची वाफेची. ज्याला आधीच दम लागतो त्याला वाफ जास्त वाईट, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शिवाय मुंबईची सगळी चाकरमानी मंडळी तेव्हा गावी येतात, गाडीला पाय ठेवायला जागा नसते. आणि मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो. किल्ल्याच्या होड्या बंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माशांची वीण होते आणि दर्याही उधाणलेला असतो. पावसाळ्यात कोकण हिरवंगार दिसते म्हणतात, दुरून पाहायला चांगलंच असेल. पण पाण्यात उतरायचं नाही, आणि दरवर्षी पेपरात बुडालेल्या पोरांची बातमी असतेच. मायला पाणी चाखायचं आहे, म्हणजे पाण्यात पाय तर ठेवावा लागणार. आणि जून-जुलैत मी कुठे मोकळा? पेरणी सोडून समुद्र पाहायला गेलो तर गाव काय म्हणेल ते लिहीत नाही.

राहिला मार्च. हरभरा निघून घरात आला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, आणि मोहफूल अजून पडायचं आहे, अशी एक फट मिळते. दहा-बारा दिवसांची. त्यात होळी येते. कोकणात होळीला म्हणजे शिमग्याला मोठी गर्दी, पालख्या नाचतात, मुंबईहून लोक येतात. म्हणून होळी होऊ द्यायची आणि मग निघायचं.

दिवस कोणता धरायचा ते आमच्या गावच्या एका गुरुजींनी शिकवलं. ते नोकरीत बरीच वर्षं रत्नागिरीकडे होते. ते म्हणाले, समुद्राला पंचांग पाहून जायचं, शेतीसारखंच. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, भरती किती वाजता ते निघते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणून सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. मिनिटाचा हिशोब नाही, पण अंदाज बरोबर येते म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग. आणि पाण्यात उतरायचं ते चढत्या पाण्यात. उतरतं पाणी माणसाला आत ओढते.

आता हे मायच्या हिशोबानं मांडून पाहा. तिला वाळूत फार चालवत नाही. पाणी दूर गेलं असेल तर तिला अर्धा फर्लांग चालावं लागेल. पाणी जवळ पाहिजे, शांत पाहिजे, चढतं पाहिजे आणि ऊन उतरल्यावर पाहिजे. फाल्गुन वद्य अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती. म्हणजे चार-साडेचारला गेलं तर पाणी हळूहळू तिच्याकडे येईल, तिला पाण्याकडे जावं लागणार नाही. मी हे कागदावर मांडलं तेव्हा पेरणीचा दिवस ठरल्यावर वाटते तसं वाटलं.

जागा गुहागर धरली आहे. कारण सांगतो. एक तर गाव आणि समुद्र लागून आहेत, व्याडेश्वराचं देऊळ बाजारात आणि मागे वाळू. दर्शनही होते, माय खूश. गणपतीपुळ्याचं लोकांनी सांगितलं, पण तिथला किनारा उतरता आहे, बुडण्याचे प्रकार झालेले आहेत, म्हाताऱ्या माणसाला नको. दुसरं म्हणजे गुहागरला कासवं. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं रात्री वाळूत येऊन अंडी घालतात आणि निघून जातात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. वेळासला, मंडणगड तालुक्यात, हे काम आधी सुरू झालं, २००२ पासून, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना धरून केलं. आता तिथं कासव पाहायला लोक येतात आणि गावातल्याच घरांत राहतात, पैसा गावात राहते. अंडी कुत्री, कोल्हे खाऊ नयेत म्हणून जाळीच्या कुंपणात ठेवतात आणि गावची माणसं राखण करतात. मी हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. तेही जागलच करतात की. आम्ही जनावरापासून पीक राखतो, ते जनावरालाच पीक समजून राखतात. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. निघाली तर दिसतील, नाही निघाली तर नाही. वाघासारखंच.

प्रवास मोठा आहे. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी कोकण रेल्वेनं जाते, चिपळूणला उतरायचं, पुढे रस्त्यानं पन्नास किलोमीटरच्या आत. तिकीट आता ६० दिवस आधी निघते, म्हणून मागच्या आठवड्यातच पुतण्यानं मोबाईलवर बसून काढलं. मायला खालचा बर्थ मिळाला. आमचे दोघांचे वरचे आहेत, चढू कसेतरी.

घरात एक वाद झाला, तोही सांगतो. तिकीट निघाल्यावर घरची म्हणाली, "मोह आधीच पडायला लागला तर?" आमच्याकडे मोहाची झाडं घराघराची वाटून असतात, कागदावर नाही पण सगळ्यांना माहीत. आमची सात झाडं आहेत. आठ दिवस उशीर झाला तर तेवढं फूल गेलं. त्या पैशात घरची तिचा स्वतःचा खर्च भागवते, माझ्याकडे हात पसरत नाही. मी म्हटलं, पडलं तर पडलं, शेजारी वेचतील, अर्धं देतील. ती म्हणाली, "अर्धं कोण देते जी?" आणि बरोबर बोलली. पण खरं सांगू? ती आठ दिवस पहाटे जंगलात जाणार नाही, एवढ्यानंच मला बरं वाटून राहिलं आहे. दरवर्षी ती परत येईपर्यंत मी बैलांना चारा टाकायच्या नावाखाली रस्त्याकडे पाहत उभा असतो. हे तिला सांगितलं नाही. आता इथं वाचेल.

कोठ्यावर झोपायला लहान भाऊ येणार आहे. दोन बैल, एक गाय आणि कालवड आहे. मार्चमध्ये वावरात काही नसलं तरी कोठा रिकामा ठेवता येत नाही, मागच्या उन्हाळ्यात बाजूच्या गावात बिबट्यानं कोठ्यातून वासरू नेलं.

काल रात्री जेवताना मायनं विचारलं, "तिथे वाघ आहे काय?"

म्हटलं, "नाही."

"मंग रात्री बाहेर बसता येईल," ती म्हणाली.

कोकणात बिबटे आहेत हे मला माहीत आहे. ते तिला सांगितलं नाही.

गुहागर, चिपळूणकडचं कोणी वाचत असेल तर एक विनंती. तळमजल्यावरची खोली, संडास खोलीला लागून, आणि जेवणात भाकरी मिळेल असं घर माहीत असेल तर कळवा. माय मासे खात नाही. तिथलं पाणी अष्टमीला खरंच सहा वाजता चढते का, तेही एखाद्या अष्टमीला पाहून सांगा.

इथे आता थंडी वाढली आहे. चार दिवसांपासून पश्चिमेच्या बांधाकडून चितळ ओरडून राहिले आहेत. आज पाळी माझी आहे, बॅटरी चार्ज झाली की निघतो. घाटेअळीचे फोटो काढून ठेवले आहेत, ते रविवारी टाकतो.